ब्राउझिंग करताना अँटिव्हायरस मेमरी खातोय का, हे तपासायचं कसं?

प्रश्न: नारायण पेठेत आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. सगळ्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम, विंडोज ११ आणि एकच विकतचा अँटिव्हायरस आहे. जीएसटी, आयकर, ट्रेसेस, एमसीए ही पोर्टल्स आणि व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडी असतात. दुपारपर्यंत मशीन रांगायला लागतं. टास्क मॅनेजरमध्ये अँटिव्हायरसची एक प्रोसेस कायम वर दिसते. मेंटेनन्सवाला म्हणतो, वेब प्रोटेक्शन बंद करून टाका. करावं का? आणि दोष खरंच त्याचाच आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर:

बंद करू नका. निदान मोजून बघितल्याशिवाय तरी नाहीच. तुमच्या ऑफिसात अशिलांचे पासवर्ड, पॅन, बँक खाती सगळं ब्राउझरमधूनच ये-जा करतं, आणि जुलैत रिटर्नची गडबड सुरू झाली की आयकर खात्याच्या नावाने खोट्या लिंकांचे मेल हमखास येतात. अशा ठिकाणी अँटिव्हायरसचा सगळ्यात उपयोगी भाग वेब प्रोटेक्शनच, म्हणजे ब्राउझरमधून येणारा मजकूर तपासणारा भागच असतो. पुण्याची या विषयाशी जुनी ओळख आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात इथल्याच एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून क्विक हील उभं केलं. त्यामुळे की काय, इथल्या दुरुस्तीवाल्यांची अँटिव्हायरसबद्दलची मतं फार ठाम असतात. मत असू द्या, पण त्याच्या जोडीला आकडे हवेत, आणि ते काढायला एक दुपार पुरते.

आधी एक गोष्ट पक्की करू. अँटिव्हायरस मेमरी घेणारच. किती घेतो हा दुय्यम प्रश्न आहे. काम संपल्यावर घेतलेली मेमरी तो परत करतो का, हा खरा प्रश्न. पुढची सगळी चाचणी याच एका प्रश्नासाठी आहे.

पान उघडताना काय होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर आकड्यांचा अर्थ लागणार नाही. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाची सोय दिली आहे. बरेच अँटिव्हायरस तिच्या आधाराने एक ड्रायव्हर बसवतात आणि ब्राउझरची कनेक्शन्स तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या एका लोकल प्रॉक्सीकडे, म्हणजे मधल्या तपासनीस प्रोग्रामकडे वळवतात. आज जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर आहेत, त्यामुळे मजकूर तपासायचा तर या प्रॉक्सीला एकीकडे सर्व्हरशी आणि दुसरीकडे ब्राउझरशी अशी दोन वेगळी एन्क्रिप्टेड कनेक्शन्स सांभाळावी लागतात. त्यासाठी तो विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट टाकतो, म्हणजे त्याने साइट्सच्या नावाने दिलेली सर्टिफिकेटं ब्राउझर खरी मानतो. मग जीझिप किंवा ब्रॉटलीने आवळलेला मजकूर उलगडायचा, तुकड्यातुकड्याने येणारी फाइल जोडत बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत धरून ठेवायची, जावास्क्रिप्ट तपासायची, तपासलेल्या पत्त्यांचे निकाल कॅशमध्ये ठेवायचे. या प्रत्येक कामाला मेमरी लागते. सिग्नेचरचा, म्हणजे माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांचा डेटाबेस तर ब्राउझर उघडा असो वा नसो, मेमरीत असतोच. शे-दोनशे एमबी नुसत्या त्यातच जातात, आणि त्यात बिघाड काही नाही.

बिघाड तेव्हा असतो, जेव्हा कनेक्शन बंद होतं पण त्याच्यासाठी घेतलेला बफर सुटत नाही. एका पानापुरती ही गळती नगण्य असते. पण आजची पानं एकदा उघडून थांबत नाहीत. व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन मीटिंग, शेअरचे चालू भाव दाखवणारं पान ही तासन् तास एकच कनेक्शन धरून सतत डेटा ओढत असतात. प्रॉक्सीच्या कोडमधली चूक अशाच ठिकाणी उघडी पडते.

आता टास्क मॅनेजर. पहिल्या टॅबमधला मेमरीचा रकाना बघून निष्कर्ष काढू नका. तिथे त्या प्रोसेसची खाजगी मेमरी दिसते खरी, पण त्या घडीला प्रत्यक्ष रॅममध्ये असलेलीच. रॅमची ओढाताण झाली की विंडोज त्यातला न वापरलेला भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं, आणि रकान्यातला आकडा खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं मेमरी सुटली, प्रत्यक्षात गळती चालूच असते. म्हणून डिटेल्स टॅबमध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करा आणि ‘कमिट साइझ’ हा रकाना घ्या. प्रोसेसने स्वतःसाठी मागून घेतलेली एकूण मेमरी तिथे दिसते, मग ती रॅममध्ये असो वा डिस्कवर. त्याच्याच शेजारी ‘हँडल्स’ हा रकानाही घ्या; प्रोसेसने उघडून ठेवलेल्या फाइल, कनेक्शन वगैरे गोष्टींची ती मोजणी. गळती असेल तर बऱ्याचदा हँडल्सची संख्याही मेमरीच्या बरोबरीने चढत जाते.

परफॉर्मन्स टॅबमधला ‘कॅश्ड’ हा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका. त्यातली बहुतेक मेमरी गरज पडली की लगेच दुसऱ्या कामाला मिळते. त्याच पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ नावाचा लहानसा आकडा आहे, तो मात्र टिपून ठेवा. ड्रायव्हरने घेतलेली मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही, ती इथे दिसते. मशीन रांगतंय आणि प्रोसेसेसची बेरीज काही केल्या जुळत नाही, अशी तक्रार आली की मी आधी हा आकडा बघतो. तो तासागणिक वाढत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. तो अँटिव्हायरसचाच असेल असंही नाही. नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हरही यात सापडतात. मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन हे साधन प्रत्येक ड्रायव्हरच्या टॅगनुसार हिशोब दाखवतं, त्यावरून कोणाचं किती ते कळतं.

अँटिव्हायरसला दोष देण्याआधी ब्राउझरचा हिशोबही बघून घ्या. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅब, प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी घेतंय ते वेगवेगळं दिसतं. २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या धोक्यानंतर क्रोमने ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं. सुरक्षेसाठी ती किंमत योग्यच होती, पण ८ जीबीच्या मशीनवर ती जाणवते. अँटिव्हायरसचं एक्स्टेन्शनही याच यादीत वेगळं दिसेल. पुष्कळ ऑफिसात प्रॉक्सीही चालू असते आणि एक्स्टेन्शनही, म्हणजे एकच पत्ता दोनदा तपासला जातो. अशा वेळी एक्स्टेन्शन काढून बघणं हा सगळ्यात कमी जोखमीचा प्रयोग आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

काही अँटिव्हायरस आपली डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालणारी कोडची फाइल, ब्राउझरच्या आतही घुसवतात. तिचा भार ब्राउझरच्या प्रत्येक प्रोसेसवर पडतो आणि खात्यावर मात्र ब्राउझरच्याच लागतो. हे प्रकार रोखणार असल्याचं गूगलने २०१७ मध्येच जाहीर केलं आणि नंतर टप्प्याटप्प्याने क्रोममध्ये रोखलंही. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, थर्ड-पार्टी असं टाकलं की आत शिरलेल्या परक्या डीएलएलची यादी मिळते.

आता प्रत्यक्ष चाचणी. एक लॅपटॉप निवडा, शक्यतो जास्त रांगणारा. अँटिव्हायरस आणि विंडोज दोन्हींचे अपडेट पूर्ण होऊ द्या, ठरलेलं स्कॅन दुसऱ्या दिवशी ढकला, मशीन रीस्टार्ट करा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. बूटनंतर अँटिव्हायरस स्वतःची बरीच कामं करत असतो, त्या वेळी घेतलेले आकडे फुकट जातात. ब्राउझरमध्ये नवं कोरं प्रोफाइल तयार करा. त्यात अँटिव्हायरसचं सोडून दुसरं एक्स्टेन्शन नको, जुना इतिहास नको, कुठल्याही अशिलाचं लॉगिन नको.

पानांची यादी आधीच लिहून काढा. वीसेक पानं पुरेत, पण त्यात विविधता हवी: पोर्टलांची मुखपृष्ठं, जाहिरातींनी भरलेली एखादी बातम्यांची साइट, एक व्हिडिओ, एखाद्या सरकारी संकेतस्थळावरची मोठी पीडीएफ, आणि तासभर तरी उघडं राहील असं एक चालतं पान. ही यादी प्रत्येक फेरीत त्याच क्रमाने आणि तेवढाच वेळ देऊन उघडायची. जाहिराती दर वेळी बदलतात, म्हणून दोन फेऱ्यांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. त्यासाठीच प्रत्येक प्रकारच्या किमान तीन फेऱ्या घ्या.

वेब प्रोटेक्शन खरंच काम करतंय ना, हेही सुरुवातीलाच तपासा. ते बंद पडलेलं असेल तर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ. ईआयसीएआर या संस्थेची ६८ बाइटची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती त्यांच्या संकेतस्थळावरून एचटीटीपीएसने उतरवून बघा. डाउनलोड होतानाच अडली तर वेब स्कॅनिंग जागं आहे. डिस्कवर आल्यावर पकडली गेली तर ते काम फाइल स्कॅनरने केलं, वेब स्कॅनरने नाही. दुसरी खूण म्हणजे पत्त्याच्या पट्टीतून साइटचं सर्टिफिकेट उघडा आणि ते कोणी दिलंय ते वाचा. तिथे अँटिव्हायरस कंपनीचं नाव असेल तर एचटीटीपीएस उलगडून तपासलं जातंय. बँकांच्या साइट्स बरेच अँटिव्हायरस मुद्दाम यातून वगळतात, म्हणून दोन-तीन वेगळ्या साइट्स बघा. गूगल आणि यूट्यूबची पानं बऱ्याचदा टीसीपीऐवजी क्विक प्रोटोकॉलने, म्हणजे यूडीपीवरून येतात. काही अँटिव्हायरस ती वाट अडवतात, तर काही तिच्याकडे बघतच नाहीत. तुमच्याकडे काय होतं ते कळल्याशिवाय नुसत्या यूट्यूबवर चाचणी करू नका.

आकडे हाताने टिपले तरी चालतील, पण विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर हे काम जास्त नीट करतो. त्यात डेटा कलेक्टर सेट तयार करून अँटिव्हायरसच्या प्रत्येक प्रोसेसचे ‘प्रायव्हेट बाइट्स’ आणि ‘हँडल काउंट’, शिवाय संपूर्ण मशीनचे ‘कमिटेड बाइट्स’ आणि ‘पूल नॉनपेज्ड बाइट्स’ दर १५ सेकंदांनी सीएसव्ही फाइलमध्ये जाऊ द्या. एकाच अँटिव्हायरसच्या चार-पाच प्रोसेसेस असतात: मुख्य सर्व्हिस, प्रॉक्सी, अपडेट करणारी, स्क्रीनवर चिन्ह दाखवणारी. सगळ्या घ्या. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असेल तर ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि नेटवर्क तपासणारी त्याची वेगळी सर्व्हिस, दोन्ही घ्या.

प्रत्येक फेरी अशी करा: सुरुवातीचा आकडा, मग यादीतली सगळी पानं, मग सगळे टॅब बंद, ब्राउझर पूर्ण बंद, आणि दहा मिनिटं शांतता. त्या शांततेनंतरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मग रीस्टार्ट न करता हेच दोनदा आणखी.

समजा मुख्य सर्व्हिस २२० एमबीवर होती, पानं उघडल्यावर ४१० झाली, सगळं बंद करून दहा मिनिटांनी २६० वर आली. दुसऱ्या फेरीत ४२० आणि मग २६५, तिसऱ्या फेरीत ४१५ आणि २६५. इथे गळती नाही. वाढलेले ४०-४५ एमबी कॅशचे आहेत आणि ते तिथेच थांबलेत. आता दुसरं चित्र बघा: २२०, मग ४१०, बंद केल्यावर ३९०, मग ५७०, बंद केल्यावर ५५०, मग ७३०. एकेक पायरी चढत जाणारा हा जिना दिसला की समजा, मेमरी परत येत नाहीये.

जिना दिसला तर कारण वेगळं काढायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट करून पुन्हा तीन फेऱ्या घ्या. आधी अँटिव्हायरसचं एक्स्टेन्शन बंद. मग ते पुन्हा चालू करून फक्त एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद. मग संपूर्ण वेब प्रोटेक्शन बंद. बंद करताना बरेच अँटिव्हायरस ‘१० मिनिटांसाठी’ किंवा ‘रीस्टार्ट होईपर्यंत’ असा पर्याय देतात. चाचणीच्या मध्येच ते गुपचूप चालू झालेलं असतं आणि आकडे गोंधळतात, म्हणून फेरीच्या शेवटी सेटिंग पुन्हा उघडून बघा. संरक्षण बंद असताना यादीबाहेरचं एकही पान उघडायचं नाही, मेल तर नाहीच.

सेटिंगमधून बंद केल्यावरही ड्रायव्हर बऱ्याचदा मेमरीत राहतो. त्यामुळे संशय नॉन-पेज्ड पूलवर असेल तर अँटिव्हायरस पूर्ण काढूनच तुलना करावी लागते, आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या रिमूव्हल टूलने. काढल्या क्षणी विंडोजचा डिफेंडर जागा होतो. म्हणजे तुमची तुलना ‘अँटिव्हायरस विरुद्ध काहीच नाही’ अशी नसते, ‘हा अँटिव्हायरस विरुद्ध डिफेंडर’ अशी असते. एक कळकळीची सूचना: नवीन लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस अजून बसलेला नाही ना, ते आधी बघा. दोघांचे ड्रायव्हर एकाच कनेक्शनवर बसले की काय वाटेल ते होऊ शकतं. तुम्ही ‘एकच’ म्हणता, तरी ॲप्सची यादी स्वतः उघडून खात्री करा.

डेक्कनवरच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसातला अनुभव सांगतो. तक्रार तुमच्यासारखीच होती, फक्त मशीन १६ जीबीचं. साध्या पानांच्या फेऱ्यांत रेषा सपाट. अँटिव्हायरस निर्दोष म्हणून सोडून द्यावा अशीच परिस्थिती. पण तिथली माणसं दिवसभर साधी पानं बघत नव्हती, बाजार चालू असताना चालू भावांचं एक पान अखंड उघडं असायचं. ते यादीत घातलं आणि सव्वानऊला बाजार उघडल्यापासून प्रॉक्सीच्या प्रोसेसचे प्रायव्हेट बाइट्स संथपणे चढायला लागले. साडेतीनला बाजार बंद झाला, ब्राउझर बंद केला, आकडा हलला नाही. एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद ठेवून दुसऱ्या दिवशी तेच पान तेवढाच वेळ चालवलं, रेषा सपाट. तिसऱ्या दिवशी स्कॅनिंग चालू आणि फक्त त्या एका साइटला अपवाद, तरीही सपाट. दोष कोड लिहिणाऱ्यांचा होता, पण ऑफिसला संरक्षण बंद करावं लागलं नाही. एका ओळखीच्या साइटपुरता अपवाद आणि कंपनीला पाठवलेले तीन आलेख एवढ्यावर भागलं. पुढच्या एका अपडेटनंतर अपवादही काढून टाकता आला. म्हणून सांगतो, यादीत तुमचं रोजचं काम जसंच्या तसं उतरलं पाहिजे. तुमच्या बाबतीत व्हॉट्सॲप वेब त्यात हवंच.

ब्राउझर आणि अँटिव्हायरस यांच्या भांडणात चूक नेमकी कुठे आहे हे बाहेरून सांगता येत नाही. फायरफॉक्स चालवताना डिफेंडर प्रोसेसरवर फार ताण आणतो, अशी तक्रार मोझिलाकडे २०१८ मध्ये नोंदवली गेली. ती निकाली निघाली २०२३ मध्ये. कुठले सिस्टिम कॉल (प्रोग्रामने विंडोजकडे केलेल्या मागण्या) डिफेंडरला महागात पडतायत हे मोझिलाच्या अभियंत्यांनी मोजून दाखवलं आणि मग मायक्रोसॉफ्टने इंजिन दुरुस्त केलं. तो मेमरीचा नव्हे, प्रोसेसरचा प्रश्न होता, पण सुटला मोजमापानेच.

तुमच्या ऑफिसबद्दल माझा अंदाज विचाराल तर, ८ जीबीत विंडोज ११, पंचवीस-तीस टॅब, टॅली किंवा एक्सेल आणि व्हॉट्सॲप वेब म्हणजे मेमरी आधीच काठोकाठ. त्यात लॅपटॉपच्या आतल्या ग्राफिक्सचाही वाटा जातो. रेषा सपाट निघाली तर क्रोममधलं मेमरी सेव्हर किंवा एजमधले स्लीपिंग टॅब चालू करा आणि रॅम १६ जीबी करून घ्या. लॅपटॉपला रिकामा स्लॉट आहे का ते आधी बघा, काहींत रॅम बोर्डवरच बसवलेली असते. अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, कारण पेजफाइल तिच्यावर असते आणि रांगण्याचा निम्मा त्रास तिथला असतो.

जिना निघाला तर कंपनीकडे तक्रार करा, आणि ती ‘तुमचा अँटिव्हायरस स्लो आहे’ अशी नको. उत्पादनाची आणि इंजिनाची आवृत्ती, विंडोजचा बिल्ड क्रमांक, ब्राउझरची आवृत्ती, पानांची यादी, कुठलं सेटिंग बदलल्यावर रेषा सपाट झाली ते, आणि सीएसव्ही फाइल. एवढं हातात असलं की सपोर्टवाला ‘अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका’ एवढ्यावर बोळवण करू शकत नाही. ते कदाचित प्रोसेसचा मेमरी डम्प, म्हणजे तिच्या मेमरीतल्या सगळ्या मजकुराची फाइल मागतील. अँटिव्हायरसची सर्व्हिस विंडोजमध्ये संरक्षित प्रोसेस म्हणून चालत असेल, तर तो ॲडमिनलाही सहज घेता येत नाही आणि कंपनी स्वतःचं टूल देते. देण्याआधी लक्षात घ्या: एचटीटीपीएस उलगडणाऱ्या प्रॉक्सीच्या डम्पमध्ये पानांचा उघडा मजकूर असू शकतो, लॉगिनचे पासवर्डसुद्धा. म्हणून डम्प घ्यायचा तो त्या कोऱ्या प्रोफाइलवर, रीस्टार्टनंतर एकाही अशिलाच्या खात्यात न शिरता केलेल्या फेरीचाच. आणि तो पाठवायचा फक्त कंपनीच्या अधिकृत तक्रार पानावरून, व्हॉट्सॲपवर कोणी मागितला तर नाही.